रडीचा डाव

१९९८-९९ च्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी, झेरॉक्सच्या दुकानामागे, दहा बाय बाराच्या एका खोलीत व्हिडिओ गेम पार्लर होतं. दर्शनी बाजूला नाणं टाकायची दोन मशिनं आणि त्यांतल्या एकावर कायम 'मुस्तफा'. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण त्यातल्या एका पात्रावरून आपल्याकडच्या पोरांनी त्याचं नवं बारसं केलं होतं. मागे पडद्याआड दोन प्लेस्टेशन आणि त्यांवर 'टेक्कन ३'. हरणाऱ्याने उठायचं, जिंकणाऱ्याने बसून राहायचं. कायदे अलिखित, पण कडक होते. थ्रो, म्हणजे धरून आपटणं, मारायचा नाही. खाली बसून सारखी लाथ मारायची नाही. आणि मागे पळायचं नाही. कुणी मागे सरकायला लागला की अख्खी खोली एका सुरात ओरडायची : रडीचा डाव!

आम्ही बहुतेक जण एडी गॉर्डो घ्यायचो. कापोएरा खेळणारा हा गडी लाथेची दोन बटणं डोळे मिटून बडवली तरी सुंदर गिरक्या घ्यायचा, आणि आपल्याला काहीतरी येतंय असं वाटायचं. एक मुलगा मात्र एडीला हात लावत नसे. तो सारखा थोडा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे असा सरकत राहायचा. समोरच्याची लाथ त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर हवेत फिरायची आणि ती परत जाग्यावर येण्याआधी हा एक फटका मारायचा. एकच. जिंकायचा, पण त्याच्या जिंकण्याला टाळी पडत नसे. त्याला चिडवणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आज वाटतं, त्या खोलीत लढत खेळणारा तो एकटाच होता. आम्ही बाकीचे बटणांशी झटत होतो. लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये शिकण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे हालचाल : कुठे उभं राहायचं, किती सरायचं, कधी थांबायचं. ती शिकणं अवघड आहे. हे अवघडपण खेळाने जपावं की काढून टाकावं, हा खेळ बनवणारे आणि खेळणारे यांच्यातला जुना वाद आहे. मी जपण्याच्या बाजूचा आहे, पण सरसकट नाही. अवघड गोष्टींमध्येही विद्या कुठली आणि हमाली कुठली, हे वेगळं काढता आलं पाहिजे.

आधी हालचालीला एवढं मोल का, ते पाहू. टेक्कनचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात आणि खेळातला सगळा हिशेब फ्रेममध्ये चालतो. चटकन लागणारा साधा ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शात. डोळ्यांना काही दिसून बोट हलायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा ते चौथा हिस्सा लागतो, म्हणजे १२ ते १५ फ्रेम्स. जवळ उभं राहिलात तर ठोसा निघाल्याचं कळेपर्यंत तो लागलेला असतो. चपळ माणसालाही ही वजाबाकी चुकवता येत नाही.

मग बचाव करावा? तो आहेच. पण उभ्याने अडवलं तर पायावरची लाथ बसते, बसून अडवलं तर मधल्या उंचीचा फटका बसतो, आणि नुसतं अडवत राहिलं तर समोरचा धरून आपटतो. म्हणजे जवळून बचाव करणारा सतत अंदाज बांधत असतो आणि अंदाज चुकला की भरपाई त्यालाच करावी लागते. या फेऱ्यातून सुटायचं तर समोरच्याच्या हातापायांच्या टप्प्याबाहेर जावं लागतं, तेही अगदी थोडं. फार लांब गेलात तर तुमचाही फटका पोचत नाही. त्याचा ठोसा वीतभर कमी पडेल आणि तो हात मागे घेईपर्यंत आपल्याला पोचता येईल, अशी एक जागा असते. ती पडद्यावर कुठे आखलेली नसते, आणि दोघांच्या प्रत्येक पावलासरशी हलत असते.

कुस्तीच्या आखाड्यात पकड होण्याआधी पैलवान एकमेकांभोवती फिरतात, हाताला हात लावून पाहतात, पवित्रा बदलतात. त्याला आपल्याकडे खडाखडी म्हणतात. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, कुस्ती अजून सुरू व्हायचीय. जाणत्याला माहीत असतं की अर्धी कुस्ती इथेच होते. लढतीच्या गेममधली हालचाल ही खडाखडीच आहे.

आता त्या मागे सरकण्याकडे येऊ. टेक्कनमध्ये मागची दिशा पटकन दोनदा दाबली की पात्र मागे सरकतं. हा बॅकडॅश. तो सुरू असताना लगेच दुसरा घेता येत नाही, सरकणं पुरं व्हावं लागतं आणि तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. पण सरकणं चालू असतानाच तिरपी दिशा, खाली आणि मागे एकत्र, दाबली तर पात्र बसायला लागतं आणि ते सरकणं मध्येच तुटतं. तुटलं की पुन्हा मागे-मागे. असं मागे, मागे, खाली-मागे; मागे, मागे, खाली-मागे जोडत गेलं की पात्र बर्फावरून ओढल्यासारखं मागे जातं. त्यात मागची दिशा हीच बचावाचीही दिशा असल्याने मध्येच थांबून फटका अडवता येतो. कोरियन खेळाडूंनी हे तंत्र इतक्या सफाईने वापरलं की जगभर त्याला कोरियन बॅकडॅश हेच नाव पडलं.

लिहायला चार वाक्यं लागली. अंगठ्यात उतरायला महिने लागतात. सुरुवातीला अंगठा घाई करतो. दोन 'मागे'च्या मध्ये तो क्षणभर उचलायचा राहतो आणि पात्र ढिम्म उभं राहतं. कधी तिरपी दिशा जास्त वेळ दाबली जाते आणि पात्र उकिडवं बसून मार खातं. उपाय शिकाऊ तबलजीला सांगतात तोच : लय कमी कर. सुटी सुटी, कानाला कंटाळा येईल इतक्या संथ लयीत तीच ओळ वाजव. हात साफ झाला की दुप्पट आपोआप येते. घाईने बसवलेला बोल जलद लयीत फाटतो, तसा घाईने शिकलेला बॅकडॅश लढतीत फाटतो.

आणि साफ झाला असं वाटतं तेव्हा दुसरी अडचण कळते. हे सगळं आपण पडद्याच्या डाव्या बाजूला शिकलेलो असतो. लढतीत पात्रं एकमेकांना ओलांडून जातात, बाजू बदलते आणि मग डावीकडची 'मागे' उजवीकडे जाते. जे डोक्याला कळतं ते अंगठ्याला कळत नाही. वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांचीही एक बाजू तगडी आणि एक लंगडी असते. चांगला प्रतिस्पर्धी हे ओळखतो आणि मुद्दाम तुम्हाला लंगड्या बाजूला ढकलून तिथेच ठेवतो.

तिसरी अडचण सगळ्यांत मजेशीर आहे. बॅकडॅश आल्यावर बरेच जण काही दिवस आधीपेक्षा जास्त हरतात. नवी गोष्ट हाती आली की ती कुठेही वापरावीशी वाटते. माणूस मागे सरकतो, सरकत राहतो, आणि पाठ भिंतीला लागते. 'टेक्कन ३' मध्ये भिंती नव्हत्या. जमीन अनंत होती, मागे जायला आकाशाएवढी जागा होती. २००१ च्या 'टेक्कन ४' ने भिंती आणल्या, आणि भिंतीला चिकटलेल्याला तिथून सुटणं मुश्कील असतं. तेव्हापासून मागच्या प्रत्येक पावलाची किंमत ठरली : पाठीमागची जागा खर्च होते. जागा देऊन वेळ घ्यायचा, आणि जागा संपण्याआधी त्या वेळेचं काहीतरी करायचं. इथे अंगठ्याची विद्या संपते आणि डोक्याची सुरू होते. पार्लरमधला आमचा आरोप अनंत मैदानापुरता थोडासा खरा असेलही. भिंतींच्या मैदानात मात्र नुसतं पळणं शक्यच नाही.

या विद्येचं एक लक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. पडद्यावर तिची नोंद होत नाही. फटका लागला की ठिणगी उडते, समोरच्याची शक्तीची पट्टी घटते, आवाज होतो. तुम्ही अचूक वीतभर मागे सरलात तर काहीच होत नाही. समोरच्याचा फटका लागत नाही, इतकंच. न घडलेल्या गोष्टीचे गुण कोण देणार?

आपल्या मैदानांवर मात्र न घडलेल्या गोष्टींची कदर करण्याची जुनी रीत आहे. मुंबईच्या मैदानांवर पोरांना पहिले धडे मिळतात त्यांत ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला शिकणं असतं. कसोटीत दहा हजार धावांचा टप्पा पहिल्यांदा गाठणारा सुनील गावसकर याच शाळेचा, आणि त्याने सोडलेल्या चेंडूंचा आकडा धावफलकावर कुठेच नाही. कबड्डीत तर चढाई करणाऱ्याला आत जाऊन भागत नाही. निदानरेषा ओलांडायची, हूल द्यायची, कुणाला तरी टिपायचं आणि जिवंत परत यायचं. मध्यरेषेला हात लागला नाही तर आत गाजवलेला पराक्रम मातीत. ज्या समाजात चढाईची निम्मी कला परत येण्यात आहे हे शाळकरी पोराला माहीत असतं, त्या समाजातल्या पोरांनी पार्लरमध्ये मागे सरकण्याला रडीचा डाव ठरवावं, याचं मला आता नवल वाटतं. बहुधा कारण साधं असावं. पडदा आम्ही सिनेमासारखा पाहत होतो, मैदानासारखा नाही.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकलं पाहिजे, कारण ते पोकळ नाही. म्हणणं असं : हे अवघडपण कुणी योजून ठेवलेलं नाही. सरकणं मध्येच तोडण्यासाठी पात्राला अर्धवट बसवायचं, यात लढण्याचं तर्कशास्त्र कुठलं? ही यंत्राची फट आहे, तिच्यातून काही लोक आत शिरले आणि आता तीच फट ते दार म्हणून मिरवतात. नव्या माणसाने महिनेच्या महिने अंगठा का झिजवावा? एका बटणावर ते सरकणं ठेवा आणि डोक्याची लढाई सगळ्यांना खेळू द्या.

या आक्षेपाची कसोटी टेक्कनपेक्षा दुसऱ्या एका खेळात चांगली लागते. निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी २००१ च्या अखेरीस आलेला 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली'. मारिओ, पिकाचू अशी लोकप्रिय पात्रं एकमेकांना मंचावरून ढकलून देतात, असा हा वरवर पोरांचा खेळ. त्यात उडी मारताच हवेतल्या बचावाची चाल तिरपी जमिनीकडे केली, तर पात्र जमिनीला टेकून उभ्याउभ्या घसरत जातं. हा वेव्हडॅश. फॉक्स या पात्राचे पाय उडीचं बटण दाबल्यावर तिसऱ्या फ्रेमनंतर जमीन सोडतात, आणि पुढची चाल त्याच्या लगोलग यावी लागते. सेकंदाच्या विसाव्या हिश्शाचा मामला. कोन जितका आडवा तितकं घसरणं लांब. लुइजीच्या पायाला जणू तेल लावलंय म्हणून तो दूरवर जातो, दुसरी पात्रं थोडक्यात थांबतात. पुढे घसरता येतं, मागे घसरता येतं, आणि घसरताना तोंड समोरच्याकडेच राहतं.

या खेळाचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी नंतर सांगितलं की ही गोष्ट खेळ घडत असतानाच लक्षात आली होती. पण पुढच्या खेळात, २००८ च्या 'ब्रॉल'मध्ये, त्यांनी ती काढून टाकली. कारण, तिच्यामुळे तरबेज आणि नवखे यांच्यातली दरी रुंदावत होती. इतकंच नव्हे, ब्रॉलमध्ये धावायला लागलेलं पात्र कधीकधी आपोआप अडखळून पडतं. जणू हालचालीत फार तरबेज होऊ पाहणाऱ्याला खेळच पाय आडवा घालतो.

निकाल काय लागला? दोन्ही बाजूंनी आपापला विजय मोजला. ब्रॉल एक कोटी तीस लाखांहून अधिक खपला, मेली सत्तर लाखांच्या थोडा वर. ज्यांना घरी चार जण जमवून मजा करायची होती त्यांच्यासाठी साकुराईंचा निर्णय चुकला नव्हता. पण स्पर्धा खेळणारे मेलीला चिकटून राहिले. २०१३ साली अमेरिकेतल्या 'इव्हो' या लढतीच्या खेळांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत आणखी एक खेळ कुठला घ्यावा, हे स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी देणग्या गोळा करून ठरलं. मेलीच्या चाहत्यांनी ९४ हजार डॉलर्सहून अधिक जमवले आणि बारा वर्षांचा म्हातारा खेळ मंचावर आणला. २०२० मध्ये चाहत्यांनीच स्वतः प्रणाली लिहून तो इंटरनेटवरून सफाईने खेळता येईल असा केला. ज्या कंपनीने तो बनवला तिने यातलं काहीच केलं नव्हतं. लोक एखाद्या खेळाला वीस-बावीस वर्षं असं जपतात, तेव्हा त्यात अजून शिकायचं उरलेलं असतं.

पण मेलीतच आणखी एक तंत्र आहे आणि तिथे माझी बाजू डळमळते. एल-कॅन्सल. हवेतून फटका मारत जमिनीवर उतरलं की पात्र काही फ्रेम्स अडकून पडतं. उतरण्याआधीच्या सात फ्रेम्समध्ये ढालीचं बटण दाबलं तर हे अडकणं निम्मं होतं. ते कधी करावं? नेहमी. कधी करू नये? असा प्रसंग जवळजवळ येतच नाही. प्रत्येक वेळी करायचं, एकाच पद्धतीने करायचं, आणि ते केल्याने 'पुढे काय' याबद्दल तुम्ही नवं काही ठरवलेलं नसतं.

वेव्हडॅशचं तसं नाही. किती लांब, पुढे की मागे, आत्ता की श्वासभर थांबून, की मुळीच नको, हे दर वेळी ठरवावं लागतं. कोरियन बॅकडॅशचंही तेच : एकदा, तीनदा, की दोनदा सरून मध्येच थांबून अडवायचं. शिवाय दोन्हींत अर्धवट येण्यालाही किंमत आहे. ओबडधोबड बॅकडॅशही थोडं अंतर देतो. सफाई वाढेल तसतसं अंतर वाढतं. शिकणाऱ्याला रोज थोडा हप्ता मिळतो.

म्हणून माझी फूटपट्टी अशी : अवघड गोष्ट करताना दर वेळी काही ठरवावं लागत असेल, तर ती विद्या. दर वेळी एकच ठरलेलं उत्तर असेल, तर ती हमाली. एल-कॅन्सल उद्या आपोआप होऊ लागला तर मी त्याच्यासाठी अश्रू ढाळणार नाही. ज्यांनी त्यासाठी वर्षं घातली त्यांना वाईट वाटेल, पण 'आम्ही सोसलं म्हणून तुम्हीही सोसा' हा सासूचा न्याय आहे, कलेचा नव्हे. वेव्हडॅश किंवा बॅकडॅश काढला तर मात्र एक अख्खी निवड हातून जाते. ते यंत्राच्या फटीतून आले, हे खरं. पण म्हणून काय झालं? लढतीच्या खेळांतला कॉम्बो, म्हणजे समोरच्याला सावरू न देता लागोपाठ लावलेले फटके, तोही असाच आला. 'स्ट्रीट फायटर २' घडताना, मोटार फोडण्याच्या उपफेरीची तपासणी करताना निर्माते नोरिताका फुनामिझु यांना दिसलं की नेमक्या वेळी मारलं तर जादा फटका बसतो. हे क्वचितच कुणाला जमेल असं समजून तो तसाच राहू दिला गेला. आज कॉम्बोशिवाय या खेळांची कल्पना करता येत नाही. एखादी गोष्ट कुठून आली यावर तिची लायकी ठरत नाही. ती आल्यावर तिच्यात किती बोलता येतं, यावर ठरते.

आक्षेपाचा एक भाग मात्र मी बिनशर्त मान्य करतो. हात सगळ्यांचे सारखे नसतात. मनगट, अंगठा, नसा दुखावून घेणारे खेळाडू कमी नाहीत आणि वेदना हा कुठल्याही विद्येचा दाखला नव्हे. म्हणूनच दांडी नसलेले, नुसत्या बटणांचे कंट्रोलर आले तेव्हा जी कुरकुर झाली ती मला पटली नाही. त्यांवर बॅकडॅश सोपा पडतो, हे खरंच. पण किती मागे जायचं हे त्या बटणांना ठाऊक नसतं. श्रम कमी झाले, निवड शाबूत राहिली. यात गमावलं काय?

हीच गोष्ट खेळ बनवणाऱ्यांच्या नव्या प्रयोगांतही दिसते. २०२३ च्या 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये एका बटणावर खास चाली देणारी 'मॉडर्न' पद्धत आहे. २०२४ च्या 'टेक्कन ८' मध्ये 'स्पेशल स्टाइल' आहे, सोप्या बटणांवर तयार कॉम्बो मिळतात. दोन्ही स्वागतार्ह. पण त्यांनी सोपं केलंय ते मारणं. उभं कुठे राहायचं, हे अजून खेळणाऱ्यावरच सोपवलेलं आहे, कारण ते दुसऱ्या कुणावर सोपवताच येत नाही. फटका बटणात बसतो, अंतर बसत नाही. माझी काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. 'टेक्कन ८' ने आक्रमकतेला उघड झुकतं माप दिलंय. 'हीट' नावाच्या अवस्थेत अडवलेला फटकाही थोडी शक्ती खातो. अडवणाऱ्याला आणि मागे सरणाऱ्याला आता जागेबरोबर शक्तीचीही किंमत मोजावी लागते. प्रेक्षकाला सतत ठिणग्या हव्यात, हा हिशेब समजतो. पण खडाखडी कापून टाकलेल्या कुस्तीचं काय होतं, हे कुस्तीच्या माणसाला विचारावं.

आणि तंत्राचा देव करणाऱ्यांसाठी एक उदाहरण. मेलीत हंग्रीबॉक्स या नावाने खेळणारा हुआन डेबिएदमा २०१७ ते २०१९ या काळात जगात पहिल्या क्रमांकाचा मानला गेला. त्याचं पात्र जिगलीपफ, म्हणजे जमिनीवर मंद, हवेत तरंगणारा गुलाबी फुगा. ज्या वेव्हडॅशसाठी बाकीचे बोटं झिजवत होते त्याच्यावर त्याचा खेळ उभा नव्हता. तो हवेत पुढे-मागे डोलत, समोरच्याच्या टप्प्याच्या काठावर राहून, चुकीची वाट पाहायचा. बऱ्याच प्रेक्षकांना त्याचा खेळ कंटाळवाणा वाटे आणि ते तसं बोलूनही दाखवत. अमेरिकेतल्या भरल्या सभागृहांतही आमच्या पार्लरचाच सूर होता म्हणायचा. पण हंग्रीबॉक्सकडे हालचाल नव्हती असं नाही. जमिनीवरचं व्याकरण त्याने हवेत नेलं होतं. तंत्राचं नाव बदललं तरी प्रश्न तोच राहतो : किती अंतर, आणि कधी.

ही विद्या कुठे वाढते, याचं उत्तर २०१९ ने दिलं. तोवर टेक्कन म्हणजे कोरिया आणि जपान, फार तर अमेरिका, असा समज होता. त्या फेब्रुवारीत जपानमधल्या इव्होत लाहोरचा अर्सलान सिद्दीकी, खेळातलं नाव अर्सलान अ‍ॅश, जिंकला. ऑगस्टमध्ये लास वेगासच्या इव्होतही तोच जिंकला, आणि अंतिम लढतीत त्याने हरवलं ते 'नी' या नावाने जगभर मान असलेल्या कोरियाच्या बे जे-मिनला. अर्सलानचा खेळ पाहिला तर डोळ्यांत भरतं ते त्याचं सरकणं : बाजूला एक पाऊल, मागे अर्धं, समोरच्याचा हात हवेत आणि मग हिशेब चुकता. जिंकल्यावर तो सांगत होता की घरी माझ्या तोडीचे आणखी बरेच आहेत. लोकांना आधी हा विनय वाटला. पुढे त्याच्या देशातले इतर खेळाडू बाहेर येऊन जिंकू लागले तेव्हा कळलं, तो साधी माहिती देत होता.

लाहोरमधल्या आर्केडची वर्णनं ऐकताना मला आमची दहा बाय बाराची खोली आठवते. गर्दी तीच, उकाडा तोच, हरला की उठायचा नियम तोच. या विद्येला महागडी साधनं लागत नाहीत, रोज हरवणारी माणसं लागतात. मग फरक कशात होता? आज आपल्याकडेही टेक्कन गांभीर्याने खेळणारे आहेत, म्हणून सगळ्या देशाचा निवाडा मी करत नाही. पण आमच्या खोलीपुरतं सांगू शकतो. आम्ही शिकण्याच्या विरोधात कायदे केले होते. थ्रोला बंदी घातली, म्हणून थ्रो सोडवायला शिकलो नाही. खालच्या लाथेला बंदी घातली, म्हणून खाली अडवायला शिकलो नाही. मागे सरकण्याची चेष्टा केली, म्हणून पुढे जाऊन कोंडायला शिकलो नाही. जे आपल्याला हरवतं त्याला नियमाबाहेर काढलं की हरणं थांबतं, आणि शिकणंही.

हल्ली भाच्याच्या प्लेस्टेशनवर मी बॅकडॅश शिकतोय. चाळिशी उलटल्यावर अंगठा नव्या सवयी सहज स्वीकारत नाही. लोकलमध्ये उभा असताना मोबाइलच्या पाठीवर अंगठा आपसूक मागे, मागे, खाली-मागे करत असतो. संथ लयीत. चार महिन्यांनी डावीकडून बऱ्यापैकी जमायला लागलंय. उजवीकडून अजून पात्र मध्येच उकिडवं बसतं आणि भाचा, आमच्या वेळच्या कुठल्याही पोरासारखाच, दया न दाखवता लाथ घालतो.

परवा मी त्याला म्हटलं, "अरे, जरा बाजू बदलू या का? मला डावीकडून बरं पडतं."

तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "नाही हं मामा. हा रडीचा डाव."